युद्धकालीन प्रचार आणि लोकमत : दुसऱ्या महायुद्धातील पश्चिम महाराष्ट्राचा ऐतिहासिक अभ्यास (१९३९–१९४५)

प्रस्तावना

युद्ध चालू असताना सामान्य माणसाला त्या युद्धाविषयी नेमके काय वाटत होते, हा इतिहासलेखनातील एक अवघड प्रश्न आहे. शांततेच्या काळात लोकमताची साधने पुष्कळ असतात. निवडणुका होतात, सभा भरतात, वृत्तपत्रांत उलटसुलट पत्रव्यवहार छापून येतो. युद्ध सुरू झाले की ही साधने एकामागून एक निकामी होतात. बोलण्यावर कायद्याची बंधने येतात आणि जे बोलणे मोकळेपणाने ऐकू येते त्यातील बराचसा भाग प्रचाराचा असतो. अशा वेळी मोठ्याने ऐकू येणाऱ्या आवाजालाच लोकमत समजण्याची चूक समकालीनांच्या हातून होते आणि पुढे अभ्यासकांच्या हातूनही होते.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर हा प्रश्न जगभर पुन्हा चर्चेत आला. समाजमाध्यमांवरील आक्रमक राष्ट्रवादी लेखन पाहून संपूर्ण रशियन समाज युद्धाच्या बाजूने उभा आहे, असा निष्कर्ष काहींनी काढला. तर समाज केवळ भीतीने गप्प आहे, असे इतरांनी मानले. या दोन्ही मतांची परीक्षा करण्यासाठी दूरच्या समाजाकडेच पाहिले पाहिजे असे नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या सहा वर्षांत पश्चिम महाराष्ट्राने हाच प्रश्न वेगळ्या स्वरूपात अनुभवला आहे. प्रस्तुत शोधनिबंधात त्या अनुभवाचा आढावा घेऊन शेवटी रशियातील परिस्थितीशी त्याची मर्यादित तुलना करण्यात आली आहे.

उद्दिष्टे, गृहीतक आणि अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.
१) १९३९ ते १९४५ या काळात महाराष्ट्रात युद्धाविषयी बोलणाऱ्या प्रमुख प्रवाहांची भूमिका पाहणे.
२) वृत्तनियंत्रण, रेडिओ आणि अफवा यांचा लोकमतावरील परिणाम तपासणे.
३) लोकांच्या प्रत्यक्ष वर्तनातून त्यांच्या मताचा कितपत अंदाज घेता येतो, याचा विचार करणे.

युद्धकाळातील जाहीर वक्तव्य हे लोकमताचे अपुरे साधन असून पैसा, धान्य आणि माणूस यांविषयी लोकांनी घेतलेले निर्णय हे अधिक विश्वसनीय साधन आहे, हे या अभ्यासाचे गृहीतक आहे. त्यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन प्रामुख्याने दुय्यम साधनांवर आधारित आहे.

युद्धाची घोषणा आणि बोलण्याच्या मर्यादा

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारत युद्धात सामील झाल्याचे जाहीर केले. केंद्रीय कायदेमंडळाचा किंवा प्रांतांतील निर्वाचित मंत्रिमंडळांचा सल्ला त्यासाठी घेण्यात आला नव्हता. मुंबई इलाख्यातील बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने इतर काँग्रेस मंत्रिमंडळांबरोबर राजीनामा दिला आणि प्रांताचा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला. म्हणजे युद्धाविषयी लोकांच्या वतीने अधिकृतपणे बोलू शकणारे व्यासपीठ युद्धाच्या पहिल्या काही आठवड्यांतच नाहीसे झाले.

दुसरी मर्यादा कायद्याची होती. भारत संरक्षण कायदा व त्याखालील नियमांनी युद्धप्रयत्नांना बाधा आणणारे भाषण, लेखन आणि वृत्त यांवर कारवाई करण्याचे व्यापक अधिकार सरकारला मिळाले. या पार्श्वभूमीवर १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहाचे महत्त्व लक्षात येते. १७ ऑक्टोबर १९४० रोजी आचार्य विनोबा भावे यांनी वर्ध्याजवळील पवनार येथे युद्धविरोधी भाषण करून त्याचा प्रारंभ केला. या सत्याग्रहात मीठ उचलायचे नव्हते की जंगल तोडायचे नव्हते. युद्धाला विरोध असल्याचे जाहीरपणे बोलणे हीच सत्याग्रहाची कृती होती आणि तोच गुन्हा होता. ज्या समाजात मत व्यक्त करण्यासाठी तुरुंगात जावे लागते, त्या समाजातील मौनाचा अर्थ संमती असा लावता येत नाही, हे या सत्याग्रहाने दाखवून दिले.

राष्ट्राच्या नावाने बोलणारे आवाज

या काळात परस्परविरोधी भूमिका घेणारे बहुतेक सर्व पक्ष राष्ट्रहिताच्याच भाषेत बोलत होते. सरकारने १९४२ मध्ये 'नॅशनल वॉर फ्रंट' ही मोहीम सुरू केली. लोकांचे मनोधैर्य टिकवणे, अफवांचा प्रतिकार करणे आणि युद्ध हे भारताच्या स्वतःच्या संरक्षणाचे आहे असे पटवणे, हा तिचा हेतू होता. परकीय सत्तेला प्रजेशी बोलताना राष्ट्र या शब्दाचा आधार घ्यावा लागला, ही बाब लक्षणीय आहे.

हिंदुमहासभेचे तत्कालीन अध्यक्ष वि. दा. सावरकर यांनी सैनिकीकरणाचा पुरस्कार केला. सैन्यात शिरून शस्त्रविद्या आत्मसात करावी, ती पुढे राष्ट्राच्या कामी येईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा विचार वेगळ्या दिशेने जात होता. नाझीवाद हा मानवी समतेचा शत्रू आहे, ही त्यांची वैचारिक भूमिका होती. त्याचबरोबर महार समाजाला लष्कराची बंद झालेली दारे पुन्हा उघडावीत, असा त्यांचा आग्रह होता. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडण्यात आली होती. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची उभारणी झाली. जुलै १९४२ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले.

कम्युनिस्ट पक्षाच्या भूमिकेत झालेला बदल सर्वांत ठळक होता. २ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईतील कामगारांनी युद्धविरोधी संप केला. त्यात सुमारे ९० हजार कामगार सहभागी झाल्याचे कामगार चळवळीच्या इतिहासात नमूद केले जाते. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत रशियावर आक्रमण केले आणि त्या वर्षाच्या अखेरीस पक्षाने साम्राज्यवादी युद्धाला लोकयुद्ध ठरवले. जुलै १९४२ मध्ये पक्षावरील बंदी उठली आणि 'लोकयुद्ध' हे मराठी साप्ताहिक निघू लागले. अण्णा भाऊ साठे यांचा स्टालिनग्राडवरील पोवाडा याच काळातला. व्होल्गाकाठच्या शहराची लढाई डफ-तुणतुण्याच्या साथीने मुंबईच्या कामगार वस्तीत पोहोचली. प्रचाराचे साधन म्हणून पोवाड्याचे सामर्थ्य मोठे होते, यात शंका नाही.

काँग्रेसने ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईतील गवालिया टँक मैदानावर 'चले जाव'चा ठराव केला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेत्यांची धरपकड झाली. त्यानंतर काँग्रेसचा आवाज भूमिगत झाला. यामुळे एक विषमता निर्माण झाली. युद्धप्रयत्नांना अनुकूल असणाऱ्यांना छापखाना, सभा आणि रेडिओ उपलब्ध होता. प्रतिकूल असणाऱ्यांच्या वाट्याला सायक्लोस्टाइल पत्रके आणि कुजबूज राहिली. केवळ छापील साधनांवर विसंबून लोकमताचे चित्र रेखाटले, तर ते एकांगी होण्याचा धोका येथे स्पष्ट होतो.

रेडिओ, वृत्तनियंत्रण आणि अफवा

आज समाजमाध्यमांना जे स्थान आहे, त्याच्याशी काही अंशी तुलना करता येईल असे साधन त्या काळी रेडिओ हे होते. रेडिओ संच फार थोड्या घरांत होते, परंतु एका संचाभोवती अनेक श्रोते जमत आणि ऐकलेली बातमी तोंडोतोंडी पसरे. १९४२ मध्ये बी.बी.सी.ने मराठी प्रसारण सुरू केले. त्याच वर्षी जर्मनीतून सुभाषचंद्र बोस यांचे आझाद हिंद रेडिओवरील प्रसारण ऐकू येऊ लागले. लंडन आणि बर्लिन ही दोन्ही केंद्रे भारतीय श्रोत्यांच्या कानासाठी स्पर्धा करीत होती.

देशांतर्गत प्रयत्नही झाला. २७ ऑगस्ट १९४२ पासून मुंबईतून गुप्त 'काँग्रेस रेडिओ' सुरू झाला. उषा मेहता व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी तो चालवला आणि त्यामागे डॉ. राममनोहर लोहिया यांचे साहाय्य होते. पोलिसांना चुकवण्यासाठी केंद्राची जागा वारंवार बदलावी लागे. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी ते पकडले. वृत्तपत्रांत न छापलेली वृत्ते सांगणे हे त्याचे मुख्य कार्य होते.

वृत्तनियंत्रणाचा सर्वांत बोलका दाखला मुंबई गोदीच्या स्फोटाचा आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या दारूगोळा व कापूस भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली आणि हजारो बेघर झाली. ज्या शहराने हा हादरा स्वतः अनुभवला, तेथून सविस्तर वृत्त बाहेर पाठवण्यास वार्ताहरांना मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत परवानगी मिळाली नाही. उलट जपानच्या ताब्यातील सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी ते वृत्त जगाला सांगितले. डोळ्यांनी पाहिलेली घटना स्वतःचे सरकार सांगत नाही आणि शत्रूचे केंद्र सांगते, असा अनुभव आला की सरकारी वृत्तावरील विश्वास ढळतो. हा अविश्वास एका बातमीपुरता मर्यादित राहत नाही. पुढील प्रत्येक खुलाशावर त्याची छाया पडते. अफवा ही अडाणीपणाची खूण आहे, असे तत्कालीन अधिकारी मानत असत. वास्तविक वृत्ताची टंचाई निर्माण झाली की अफवा ती भरून काढते, असे या उदाहरणावरून म्हणता येते.

वर्तनातून व्यक्त झालेले लोकमत

लोक जे बोलत नव्हते ते त्यांच्या व्यवहारातून दिसत होते. याचे पहिले उदाहरण पैशाचे आहे. जून १९४० मध्ये फ्रान्स शरण गेल्याचे वृत्त आल्यानंतर देशभर पोस्टाच्या बचत खात्यांतून रकमा काढून घेण्यासाठी गर्दी झाली. नोटा देऊन चांदीचे रुपये घेण्याची झुंबड उडाली. गरजेपेक्षा अधिक नाणी जमवणे हा गुन्हा ठरवणारी अधिसूचना सरकारला काढावी लागली. त्याच वर्षी एक रुपयाची नोट चलनात आणण्यात आली आणि रुपयातील चांदीचे प्रमाण निम्म्यावर आणले गेले. ब्रिटनचा विजय निश्चित आहे, असे सर्व सरकारी प्रचार सांगत असताना खातेदारांनी आपले मत पोस्टाच्या खिडकीवर नोंदवले होते. या काळातील भीतीचा अभ्यास करताना इंदिवर कामटेकर यांनीही अशा आर्थिक वर्तनाकडे लक्ष वेधले आहे. पुढे तांब्याच्या बचतीसाठी १९४३ मध्ये आलेला भोकाचा पैसा हा युद्धाची टंचाई प्रत्येकाच्या कनवटीला पोहोचल्याचा पुरावा होता.

दुसरे उदाहरण धान्याचे आहे. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर तेथील तांदळाची आयात थांबली. मुंबईत मे १९४३ मध्ये शिधावाटप सुरू झाले. युद्धापूर्वी आपल्या समाजात जवळपास अपरिचित असलेले रेशन आणि कंट्रोल हे शब्द घराघरांत रुळले. शेतकऱ्यांच्या दृष्टीने युद्ध म्हणजे लेव्ही, रॉकेलची टंचाई आणि काळा बाजार असे समीकरण झाले. धान्य दडवून ठेवणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला युद्धविरोधक म्हणणे अर्थातच चुकीचे ठरेल. परंतु सरकार योग्य भाव देईल व संकटात धान्य पुरवील, असा विश्वास त्याला नव्हता, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

तिसरे उदाहरण माणसांचे आहे. १९३९ मध्ये सुमारे दोन लाख असलेले भारतीय सैन्य युद्धाच्या अखेरीस सुमारे २५ लाखांवर गेले. ही भरती सक्तीची नव्हती. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत गाजवलेल्या शौर्याबद्दल मरणोत्तर, तर शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजीच्या शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. या पराक्रमाविषयी आदर बाळगूनही भरतीचा आकडा हा साम्राज्यनिष्ठेचा आकडा मानता येत नाही. कोरडवाहू गावांत नियमित पगार, घरी येणारी मनीऑर्डर आणि घराण्याची लष्करी परंपरा ही कारणे प्रबळ होती. सैनिकांच्या पत्रांवर देखरेख करणाऱ्या लष्करी यंत्रणेच्या अहवालांतही गावाकडील महागाई व अन्नटंचाईची चिंता वारंवार नोंदवली गेली.

सातारा : एकाच जिल्ह्यातील दोन वाटा

वरील विवेचनाची कसोटी सातारा जिल्ह्यात लागते. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. अपशिंगे (मिलिटरी) हे गाव आपल्या नावातच लष्करी परंपरा मिरवते. असा हा भरतीचा जिल्हा असताना सप्टेंबर १९४२ मध्ये तासगाव, वडूज आणि इस्लामपूर येथे कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ९ सप्टेंबरला वडूज येथे आणि १० सप्टेंबरला इस्लामपूर येथे गोळीबार झाला व आंदोलक हुतात्मे झाले. पुढे १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. जी. डी. (बापू) लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर आदी कार्यकर्त्यांनी न्यायदान मंडळे, तुफान सेना आणि कमी खर्चाचे गांधी विवाह यांद्वारे १९४६ पर्यंत ते टिकवले.

'प्रतिसरकार'चे 'पत्रीसरकार' कसे झाले, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे. फितूर व गुंड यांच्या पायांना पत्री ठोकली जाते, अशी वार्ता पसरली आणि लोकांनी आपल्या तोंडी रुळेल असे नाव घडवले. या नावात धाक आहे, काहीसा विनोद आहे आणि आपलेपणाही आहे. कोणत्याही जाहीरनाम्यापेक्षा हा एक शब्द लोकमताविषयी अधिक सांगतो.

सरकारी पलटणीत मुलगा पाठवणारा आणि भूमिगत कार्यकर्त्याला भाकरी देणारा समाज एकाच परिसरात नांदत होता. याला ढोंग म्हणता येणार नाही. पोटासाठी केलेली चाकरी आणि मनाने दिलेली निष्ठा यांत ग्रामीण समाज भेद करीत होता. भूमिगतांना सुमारे तीन वर्षे मिळालेला आसरा हा त्या निष्ठेचा पुरावा आहे. कारण आसरा देणाऱ्याला त्यातून लाभ नव्हता, जोखीम मात्र होती. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत नौसैनिकांचा उठाव झाला, तेव्हा युद्धकाळात निष्ठेची साक्ष म्हणून ज्यांच्या भरतीकडे बोट दाखवले जाई, त्यांच्यापैकीच काहींनी जहाजांवरील ब्रिटिश निशाण उतरवले. कामगारांनी त्यांना पाठिंबा दिला आणि शहरातील गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मरण पावली.

रशियातील परिस्थितीशी तुलना

या तुलनेच्या मर्यादा प्रथम नमूद केल्या पाहिजेत. महाराष्ट्रात राज्यसत्ता परकीय होती आणि राष्ट्रवादाची मुख्य धारा तिच्या विरोधात होती. रशियात राष्ट्रवाद हे स्वतः राज्यसत्तेचेच साधन आहे. तरीही बोलणे आणि वर्तन यांतील अंतर दोन्हीकडे आढळते.

४ मार्च २०२२ रोजी रशियात सैन्याविषयी 'खोटी माहिती' पसरवल्यास १५ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद असलेला कायदा करण्यात आला. त्याच महिन्यात फेसबुक व इन्स्टाग्राम बंद करण्यात आले. युद्ध हा शब्द टाळून 'विशेष लष्करी कारवाई' असे म्हणणे अधिकृत ठरले. याच महिन्यात लेवादा केंद्राच्या पाहणीत सुमारे ८१ टक्के लोकांनी सैन्याच्या कारवाईला पाठिंबा दर्शवला. मात्र २१ सप्टेंबर २०२२ रोजी अंशतः लष्करभरती जाहीर होताच सीमांवर रांगा लागल्या आणि काही आठवड्यांत दोन लाखांहून अधिक रशियन नागरिक एकट्या कझाकस्तानात दाखल झाले. पाहणीतील पाठिंबा मात्र तेव्हाही ७० टक्क्यांच्या वरच होता. अर्थशास्त्रज्ञ तिमूर कुरान यांनी खाजगी मत लपवून जाहीरपणे वेगळे मत मांडण्याच्या प्रवृत्तीचे जे विश्लेषण १९९५ मध्ये केले होते, ते येथे उपयुक्त ठरते.

याचा अर्थ सर्व पाठिंबा खोटा होता असा नाही. स्वेच्छेने निधी देणारे आणि मोठ्या वेतनाच्या करारावर सैन्यात जाणारेही पुष्कळ आहेत. त्या करारांत पगार किती आणि निष्ठा किती, हा प्रश्न सातारच्या भरतीसारखाच आहे. टेलिग्रामवरील युद्धसमर्थक लेखकांचे उदाहरणही बोधप्रद आहे. त्यांतील काहींनी अधिक आक्रमक भूमिकेतून सेनाधिकाऱ्यांवरच टीका सुरू केली. त्यांपैकी इगोर गिर्किन यांना जुलै २०२३ मध्ये अटक झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे सर्वांत मोठा राष्ट्रवादी आवाजही ना सत्तेचा पूर्ण प्रतिनिधी होता, ना जनतेचा.

निष्कर्ष

१) युद्धकाळात बोलण्याची संधी समान नसते. त्यामुळे उपलब्ध लेखनाचे प्रमाण हे लोकमताचे प्रमाण मानता येत नाही.
२) मौनाचा एकच अर्थ नसतो. भीती, उदासीनता, संमती आणि विरोध या चारही गोष्टी त्यात असू शकतात.
३) वर्तन हे अधिक विश्वसनीय साधन असले तरी तेही सुटे वाचू नये. भरतीच्या आकड्याबरोबर पगार, बचत खात्याबरोबर भीती आणि धान्याच्या साठ्याबरोबर भाव पाहणे आवश्यक आहे. ज्या कृतीत लाभ नाही व जोखीम आहे, ती मताची सर्वांत सबळ साक्ष होय.
४) सत्य वृत्त दडपल्याने सत्तेला तात्पुरती शांतता मिळते, परंतु त्याची किंमत विश्वासाच्या रूपाने मोजावी लागते.

या विषयाचे स्थानिक संशोधन अद्याप पुष्कळ करता येण्यासारखे आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातील पणदरे, माळेगाव यांसारख्या बारामती तालुक्यातील आणि शेजारच्या इंदापूर तालुक्यातील गावांत युद्धकाळाच्या खुणा घरगुती पेट्यांत असण्याचा संभव आहे. लेव्हीच्या पावत्या, शिधापत्रिका, सैनिकांची सेवामुक्तीची कागदपत्रे, मनीऑर्डरची कुपने आणि पदके ही इतिहासाची अस्सल साधने आहेत. तो काळ जाणतेपणी अनुभवलेल्या व्यक्ती आज नव्वदी ओलांडून गेल्या आहेत. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने या साधनांची व आठवणींची नोंद तातडीने केली नाही, तर त्या सहा वर्षांत आपल्या गावांना काय वाटत होते, हे पुढील पिढीला सरकारी दप्तरातूनच वाचावे लागेल. ते दप्तर त्या काळी युद्धाच्या बाजूने बोलण्यासाठीच लिहिले जात होते, याचा विसर पडू नये.